शकू धवलारणीचं नाक

"नाक माजा, तोंड माजा, मंग लाज तुला कनाला वाटतं रं?"

"काकी, हलू बोल. वाटंनं मानसा जातान."

"जाऊं दे. त्याना बी कान हायेत, ऐकूं दे. बोल, माज्या नाकाचा काय म्हनत होतास?"

गोपीनाथ शेट ओटीच्या कडेला अर्ध्याच बुडावर बसला होता. नवापाड्यातला मोठा माणूस. खाडीकडल्या मीठागरात वाटा, भाताची खाचरं नजर पोचेल तिथवर, आणि सहा वर्षांपूर्वी दारूबंदी आली तेव्हापासून तालुक्याच्या दारूबंदी कमिटीवर. पांढरी टोपी झोपतानाच काय ती उतरायची. एवढा माणूस, पण शकूपुढं आला की शाळेत न गेलेल्या पोरासारखा अंग चोरायचा. कारण त्याच्या लग्नात त्याची हळद तिनंच गायली होती आणि मुंडावळ्यांत तो रडत होता ते तिला अजून आठवत होतं.

"माज्या पोरीच्या, जयाच्या लग्नाला मामलेदार येनार," तो म्हणाला. "कमिटीची मानसा येनार. आन मांडवात पयली उभी र्‍हानार तू. तुजा नाक बगून लोका काय म्हनतील? दारूबंदीवाल्याच्या घरात धवलारीन पिऊन आली."

"मी पितं?"

"मी नाय म्हनत. नाक म्हनतं."

शकूनं त्याच्याकडं बघितलं, आणि ते नाक, ज्याची एवढी चर्चा चालली होती, रागानं आणखी लाल झालं. पिकलेल्या तोंडल्यासारखं. शेंड्याला दोन पुळ्या, दोन्ही गालांवर लाली उतरलेली, आणि जवळून बघावं तर कातडीखाली बारीक तांबड्या शिरांचं जाळं, कोळ्यानं विणल्यासारखं.

"मोहने गावच्या धवलारनीला सांगतंय मी," गोपीनाथ खाली बघून म्हणाला. "आखातीच्या मंगच्या बेस्तरवारी हलद हाय. तवर नाक जाग्यावर आला तं तू. नाय तं ती."

"मोहन्याची? ती वहीत बगून म्हनतं!"

"वहीत बगतं, पन नाक सरल हाय तिचा," म्हणून तो उठला आणि चालता झाला.

आता आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, त्याला शकूचं दुखणं कळायचं नाही. भटजी येतो तो उशिरा, घड्याळ बघत, अन् जातो तो शिधा बांधून. खरं लग्न लावते ती धवळे, लग्नाची गाणी, गाणारी धवलारीण. मांडवाची मेढ रोवली की ती उभी राहते आणि गाऊन गाऊन एकेकाला बोलावते. गावदेवी, वेशीवरचा देव, खाडीतला देव, घरातले मेलेले आजे-पणजे, बाळंतपणात गेलेली एखादी चुलती. नाव विसरलं तर तो पितर रुसतो, आणि रुसलेला पितर लग्नात काय काय करतो याच्या गोष्टी पाड्यात घरटी एक आहेत. शकूला अठ्ठावीस घरांचे पितर पाठ होते. तोंडी. सासूनं शिकवले ते भात लावता लावता, चिखलात उभी करून, आणि चुकलं की रोपाची जुडी पाठीत. बाराव्या वर्षी खडवलीकडून लग्न होऊन आली तेव्हा तिला आपल्या आज्याचं नावही धड सांगता येत नव्हतं. विसाव्या वर्षी ती सगळ्या गावाच्या मेलेल्यांची ओळख बाळगून होती. नवरा लवकर गेला. त्याचंही नाव तिनं त्या रांगेत बसवलं आणि पुढच्या मांडवात न अडखळता गायलं.

बावीस वर्षांत पाड्यातला एक मांडव तिच्यावाचून उभा राहिला नव्हता. पण मांडवाचं असं असतं, की एका मोठ्या घरानं धवलारीण टाकली की दुसरं घर विचारत नाही. मग तिसरं. मग अठ्ठावीस घरांचे पितर डोक्यात घेऊन बसायचं आणि कोंबड्यांना धवळे ऐकवायचे. गोपीनाथ बोलून गेला आणि शकूला हे सगळं लख्ख दिसलं.

आणि यातली खरी गंमत अशी, की ती पूर्वी प्यायची.

लपूनछपून नाही. उजेडात, पाटावर बसून, मानानं. धवलारणीला ताडीचा गडवा द्यायचा ही रीतच होती. घसा ओला झाल्याशिवाय पितर कसे हाका ऐकणार? तेव्हा तिचं नाक काकडीसारखं होतं, थंडगार आणि हिरवट. मग दारूबंदी आली, गोपीनाथनं देवळात गाव गोळा केला आणि एकेकाला भंडारा उचलायला लावला. पुष्कळांनी उचलला आणि पुष्कळांनी संध्याकाळी हात धुतले. शकूनं मात्र एकदा उचलला तो उचलला. शब्द दिला म्हणजे दिला, आणि तोही देवीसमोर. त्यानंतर थेंब नाही. अन् दोन वर्षांत नाक लाल!

गावाचा हिशोब सोपा होता. चारचौघांत प्यायची तेव्हा थोडी प्यायची. आता चोरून पितं म्हणजे बक्कळ पितं.

आधी घरचे उपाय झाले. विश्राम भगतानं कोंबडा मागितला, तिच्या नाकाभोवती तीनदा फिरवला आणि सांगितलं, "लाली कोंबऱ्याच्या तुऱ्यात गेली." कोंबडा तो घरी घेऊन गेला. त्याचा रस्सा लाल झाला म्हणतात; नाक होतं तसंच राहिलं. कुणी हळद अन् साय लावायला सांगितली. तीन दिवस शकू पोळ्याच्या बैलाच्या शिंगासारखं पिवळं नाक घेऊन हिंडली. बाजारात पेटी घेऊन बसणाऱ्याकडून खरजेचं मलम आणलं. त्यानं अशी आग झाली की तिनं नाक सरळ पाण्याच्या मडक्यात बुडवलं आणि मडकं बाटवलं म्हणून स्वतःलाच शिव्या दिल्या. शेजारच्या गणूची बायको शालू, नवी नवरी, तिनं आपल्या आहेरातली तोंडाला लावायची स्नो आणून दिली. पांढऱ्या तोंडावर ते लाल नाक बघून शालूच्या हातातली फणी गळली.

"काय झाला गो?"

"काय नाय काकी. सोंगारी दिसतंस."

मग शालूनंच सांगितलं, डोंबिवलीला ठेसनाजवळ एक बाय डॉक्टर बसते, कातड्याचंच बघते. शालूच्या भावाची खरूज तिनं पांढरं पाणी लावून चार दिवसांत घालवली होती.

शकू मिठाची पाटी डोक्यावर घेऊन गेली. नुसतं डॉक्टरकडं जायचं म्हणजे आजारी असल्यासारखं दिसतं. मीठ विकायला आलो आणि सहज शिरलो, तर कुणाला काय म्हणता येत नाही. दवाखान्याच्या बाकड्यावर माणसं रंगून बसली होती. एकाच्या मानेवर नायटा आणि त्यावर जांभळं औषध, एकाचा गुडघा तांबडा, एका पोराचं ढुंगण पांढरं आणि ते त्यानं सगळ्यांना दाखवायला उघडंच ठेवलेलं. शकूला वाटलं, होळी झाली की काय परत. ती पाटी पायाशी ठेवून त्यांच्यात बसली. आपलं नाक इथं पहिल्यांदाच चारचौघांसारखं दिसतंय असं तिला वाटलं.

डॉक्टरीण, उत्तराबाई, तिशीची असेल नसेल. मुंबईत शिकलेली, चष्मा, आखूड बोलणं. शकूनं तिला काही विचारू दिलंच नाही.

"आदी इचारून टाक, दारू पितं का म्हनून. समदे तेच इचारतान. नाय पित. सा वरसा झाली."

"ते मी विचारणारच नव्हते," उत्तराबाई म्हणाल्या. त्यांनी भिंग घेतलं आणि नाकाच्या इतक्या जवळ आल्या की शकूनं श्वास धरला. "डोळे चुरचुरतात?"

"उनात गेलू तं."

"उन्हात किती जाता?"

शकूनं पायाशी ठेवलेल्या मिठाकडं बोट केलं. "ह्या काय चांदन्यात पिकतं?"

उत्तराबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते चष्म्याआड ठेवलं. "तिखट?"

"आगऱ्याची हाय मी."

"बरं. चहा किती पिता?"

शकूला हा प्रश्न कुणी आजवर विचारला नव्हता. तिनं बोटं मोजायला घेतली. सकाळी उठल्यावर. मग मीठागरावर जाताना. तिथं पोचल्यावर. ताडी सुटली तशी जीभ तळमळायला लागली होती, आणि कमिटीनंच पहिला महिनाभर देवळात फुकट चहा ठेवला होता. 'ताडी सोडा, चहा घ्या' म्हणून गोपीनाथ स्वतः किटली घेऊन वाढायचा. तेव्हापासून तो जरमनच्या, ॲल्युमिनियमच्या पेल्यातला, कोरा, गुळाचा, उकळता चहा. वाफ जिरायच्या आत घशाखाली. कोमट झालेला चहा तिनं आजवर कुत्र्यालाही घातला नव्हता. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्याची संपली.

"बारा. मांडव असला तं ईस."

"उकळता?"

"मंग काय निवलेला पिऊं?"

उत्तराबाई खुर्चीला टेकल्या. "हे बघा शकूबाई. या रोगाला रोझेशिया म्हणतात. मराठीत त्याला नाव नाही. लोकांनीच ठेवलंय, बेवडा. तरुणपणी पोरींना मुरमं येतात ना, त्यांच्याच जातीतला आहे हा, उशिरा येणारा. न पिणाऱ्यांनाही होतो. गोऱ्या मडमांना तर फार."

"म्हंजे मी मडम झालू?"

"नाकापुरत्या. चेहऱ्याच्या शिरा फुगायची सवय लागते आणि मग फुगलेल्याच राहतात. ऊन, तिखट, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे उकळतं पोटात जाणं. ताडीनंही वाढतो. पण तुमची ताडी गेली आणि तिच्या जागी बारा पेले उकळता चहा आला."

शकूनं मोजलेली बोटं पुन्हा एकदा बघितली. मग तिच्या पोटातून असं हसू आलं की बाहेरच्या बाकड्यावरचं जांभळं, तांबडं आणि पांढरं सगळं दारात जमा झालं.

"म्हंजे ह्या नाक कमिटीनं केला गो बाय! गोपीनाथनं किटलीनं वाडला!"

औषध उत्तराबाईंनी स्वतः कालवलं. गंधकाची भुकटी, कापूर, गुलाबपाणी, थोडं ग्लिसरीन आणि स्पिरिट. गंधक तळाशी बसतं म्हणून हलवून लावायचं, सकाळी आणि दुपारी, तोंड थंड पाण्यानं धुवून. शिवाय कंपनीचा माणूस नमुन्याला ठेवून गेला होता त्यातल्या पिवळ्या कॅप्सुली, पुळ्यांसाठी, दिवसातून दोन, दुधाबरोबर नाही. चहा निववून, आणि दोनच. मीठागरावर नाकावर फडकं. बाटलीवर तांबडी चिठ्ठी चिकटवली आणि वेगळ्या कागदावर सही करून दिली.

"हा कागद जवळच ठेवा. औषधात स्पिरिट आहे, वास दारूसारखा येतो. कुणी पोलिसानं हटकलं तर दाखवा. आणि हे पोटात घ्यायचं नाही."

"आखातीच्या आदी जाईल ना गो नाक?"

"नाक राहील. लाली निम्मी जाईल, अक्षय तृतीयेपर्यंत. पुरती जाईल असं मी खोटं सांगणार नाही. वाढते, उतरते, असा हा पाहुणा आहे."

असं खरं सांगणारं माणूस शकूला आवडलं. तिनं पाटीतलं मीठ दोन ओंजळी टेबलावर ओतलं, उत्तराबाईंच्या कागदांवर, आणि निघाली.

निवलेला चहा पिणं हे दारू सोडण्यापेक्षा कठीण होतं. पहिला पेला तिनं ओटीवर ठेवला आणि शत्रूकडं बघावं तसं त्याच्याकडं बघत बसली. तो निवला, वर साय नाही की काही नाही, नुसतं काळं डबकं. प्याली आणि म्हणाली, "म्हशीला घालतान तो या परास बरा." पण प्याली. एकदा मनावर घेतलं की ती बाई जात्यात हात घालायची. तिखट सुटलं नाही, ते अर्ध्यावर आलं. नाकावर फडकं बांधून मीठागरावर उभी राहिली की दुरून दरोडेखोर दिसायची. महिन्याभरात पुळ्या बसल्या. तोंडल्याची लाली उतरत उतरत कोकमाच्या सरबतावर आली. गालांवरून तर ती जवळजवळ गेलीच.

पण वास! बाटली कमरेला, ओच्यात खोचलेली. दुपारी झोपडीच्या सावलीला बसून तोंड धुवायची, बाटली हलवायची, औषध थापायची आणि उठायची. बाजूनं जाणाऱ्याला आधी स्पिरिटचा झोत लागायचा, मग खाली नासक्या अंड्याचा. मीठागरावरच्या दगडूनं महिनाभर तो वास हुंगला, मग त्याला राहवलं नाही. सरळ विचारायची हिंमत नव्हती, म्हणून तो गोपीनाथकडं गेला.

बेस्तरवार, म्हणजे हळदीचा गुरुवार, चार दिवसांवर आला होता. दुपारी बांधावरून तिघंजण येताना दिसले. पुढं गोपीनाथ, टोपी कडक. मागं दारूबंदीचा जमादार, घाटावरचा गडी, घामानं भिजलेला. त्याच्या मागं दगडू, आपण नुसतेच वाट चुकून आल्यासारखा. मीठ ओढणारी पंधरा-वीस माणसं होती, त्यांनी हातातली फावडी टेकवली.

"काकी," गोपीनाथ म्हणाला, "कमरंची बाटली कार."

शकूनं नाकावरचं फडकं खाली ओढलं. तिच्याजवळ कागद होता, सहीचा. चोळीत घडी करून ठेवलेला. तिथंच काढून पुढं केला असता तर गोष्ट संपली असती, जमादार सावलीला बसला असता आणि सगळे आपापल्या कामाला लागले असते. पण नाकावरून चार वर्षं बोलणी खाल्लेल्या बाईनं अशी संधी का सोडावी? तिनं कागद राहू दिला जिथं होता तिथं, आणि बाटली काढून जमादाराच्या हातात दिली.

जमादारानं बूच उघडलं आणि मान मागं घेतली. "स्पिरिट हाय ह्ये."

"औषद हाय," शकू म्हणाली. "नाकाला लावतंय."

"नाकाला?" गोपीनाथ हसला. "दारू नाकाला लावतान?"

"दारू हाय कशावरून?"

"वासावरून!"

"वास तं तुज्या टोपीला बी कापराचा येतं. म्हनून तू काय आरती?"

माणसं हसली. जमादारानं घाम पुसला. "पंचनामा करायचा तर कुनी तरी सांगाया पायजे, दारू हाय का औषिद. म्या ड्यूटीवर हाय, म्या चाखनार न्हाय."

"मंग चाखल कोन?" शकूनं सगळ्यांवर नजर फिरवली. "ह्या गरिबांनी चाखला तं उद्या त्यानाच धराल. गोपीनाथच चाखल. कमिटीचा मानूस. देवीसमोर भंडारा उचललेला. त्यानं सांगितला दारू हाय, तं मी मांडव सोरतंय, आन धवला बी सोरतंय जलमभर. जमादारसायब, लिवा."

फावड्यांवर टेकलेली माणसं दोन पावलं पुढं सरकली. जन्मभराचा धवळा तिनं एका घोटावर लावला होता. गोपीनाथनं इकडंतिकडं बघितलं. मागं सरावं तर वीस माणसं बघतायत, आणि पुढं नुसता एक घोट.

"आन इकरं," तो म्हणाला. "करून टाकतंय एकदाचा."

दगडूनं पाण्याचा पेला आणला. जमादारानं बाटली हलवून त्यात दोन बोटं ओतलं. गोपीनाथनं पेला डाव्या हातात घेतला. आणि उजव्या हातानं, न बघता, न विचार करता, करंगळीशेजारचं बोट पेल्यात बुडवलं आणि तीनदा हवेत उडवलं. एक थेंब पूर्वेला, एक खाली जमिनीला, एक मागं खांद्यावरून.

पिणारा माणूस देवाला आणि पितरांना दिल्याशिवाय पीत नाही. चहा पिताना कुणी असं करत नाही. औषध घेताना करत नाही. हे बोट ज्यानं रोज वापरलंय त्याचंच असं उठतं.

मग कोपर वर गेलं, डोळे मिटले, मान मागं आणि एका घोटात पेला रिकामा. आणि डोळे अजून मिटलेलेच असताना हात बाजूच्या मिठाच्या ढिगाकडं गेला, चिमूट घेतली आणि जिभेवर ठेवली. घोटावर मीठ. तेही अगदी मापात.

 मग मागून दगडू हळूच म्हणाला, "सा वरसा झाली तरी हात इसरला नाय."

गोपीनाथनं डोळे उघडले. तोंडावर आधी कौतुक होतं, जुनी ओळख भेटल्यासारखं. मग गंधक पोचलं. डोळे बाहेर आले, टोपी मागं सरकली, आणि पोटातून असा ढेकर आला की जमादार दोन पावलं बाजूला झाला. अंड्याचं आख्खं टोपलं नासलं असावं तसा वास सुटला.

जमादारानं तेवढ्यात बाटलीवरची तांबडी चिठ्ठी वाचली, मोठ्यानं, शाळेतल्यासारखी. "फक्त... बाहेरून... लावन्यासाठी. पोटात... घेऊ... नये." त्यानं वर बघितलं. "आन शेट, ते थेंब कुनाला उडवलंत? देवाला का पितरास्नी?"

"माशी होती," गोपीनाथ म्हणाला. त्याला पुन्हा ढेकर आला.

"तीन होत्या," शकू म्हणाली. "तीनी मेल्या."

मग हसण्याला बांध राहिला नाही. दगडू मिठाच्या ढिगावर बसला आणि घसरत खाली आला. जमादारही हसत होता, पण पोलिसाचं हसू. एक डोळा गोपीनाथच्या घरापर्यंत जाऊन आलेला. ते शकूनं ओळखलं. तिनं चोळीतला कागद काढला आणि त्याच्या पुढं धरला.

"डॉक्टरनीचा हाय. वाचा आन घरी जा. शेट काय पीत नाय. बोटाला जुनी सवय हाय, ती लवकर जात नाय. माज्या नाकासारकीच."

जमादारानं कागद वाचला, गोपीनाथकडं एकदा बघून घेतलं, बाटली परत दिली आणि बांधावरून चालू लागला. त्याच्या हातून सोडवल्याचं गोपीनाथला कळलं, आणि कुणी सोडवलं तेही कळलं. तो तिथंच उभा राहिला, ढेकर दाबत.

"हलद बेस्तरवारीच ना?" शकूनं विचारलं.

"बेस्तरवारी."

"मोहन्याची येतं का?"

गोपीनाथनं टोपी सरळ केली. "वहीवाली? तिला नको म्हनून सांगतंय. तूच ये. ये गो काकी."

"येतंय. पन चा उकलता दिलास तं तुज्या डोक्यावर वतीन. आन तुज्या बापाचा नाव पयला घेतंय मी. तो बी बोट उरवायचा, असाच, खांद्यावरून. कुनाकरून शिकलास ते दिसला आज."

गोपीनाथ हसला नाही, पण रागावलाही नाही. त्याला ढेकर आला आणि तो घराकडं वळला, वाटेत थांबत थांबत.

ऊन डोक्यावर होतं. वाफ्यात पाणी आटून मिठाची साय धरली होती आणि ती आता ओढली नाही तर दुपारच्या वाऱ्यानं मोडली असती. शकूनं बाटली ओच्यात खोचली, फडकं नाकावर बांधलं.

"काय बगतान रं?" ती ओरडली. "तमाशा झाला. ओढा!"

आणि लाकडी फावडं वाफ्यात टाकून तिनं पहिलं मीठ काठाकडं ओढलं.